कोऱ्या डायपरचं वजन

४ जानेवारी

ठोंब्या,

अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच कुठेतरी खोचून ठेवशील, असं मी धरूनच चाललेय. ठेव. फेकू मात्र नकोस. अकरा वर्षांत मी तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा माझा आवाज ऐकल्याबरोबर तू तो ठेवून दिलास. पत्राचं बरं असतं, त्याला मध्येच गप्प करता येत नाही. आणि थोरल्या बहिणीला बोलत सुटायची खोड असतेच, ती तुला नवीन नाही.

लाकडाला पॉलिश करायचं काम तुला छान जमतंय म्हणे. तुझ्या बायकोची मावशी बाजारात भेटते, ती सांगते. इकडे माझे गुडघे गेले. एप्रिलअखेर मी निवृत्त होतेय.

हो, अजून त्याच वॉर्डात नर्स आहे. मनीनंतर अक्का तिथे पाऊल टाकणार नाही असं तुला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. पण तुझी लेक गेली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी परत ड्यूटीवर उभी होते. लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं की ती अजूनही आधी आमच्याकडेच येतात. आठ खाटा. पडदे तेव्हा हिरवे होते, आता आकाशी आहेत.

दुपारी दोननंतर हा वॉर्ड वेगळाच होतो. उन्हाची पट्टी फरशीवरून निघते आणि अगदी सावकाश एकेका खाटेवर चढते. औषधांचे पंप आपापल्या लयीत टिपटिपत असतात. मुलं गुंगीत असतात आणि त्यांच्याकडे बघता बघता मीही उभ्या उभ्या, उघड्या डोळ्यांनी गुंगीत जाते. कधी कधी वाटतं, सगळा वॉर्ड जमिनीपासून बोटभर वर उचलला गेलाय आणि आम्ही सगळेच तरंगतोय, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. हसू नकोस. म्हातारी होतेय मी.

घरी आले की तासभर आडवी होते. तेव्हा मनी येते. दर वेळी तिचं वय निराळं असतं. परवा चांगली अकरा वर्षांची होती, आज असती तेवढी. न्हाऊन आली होती, पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, “आत्या, माझे केस विंचर ना.” मी विंचरत गेले आणि केस संपेचनात. ते दारापर्यंत गेले, दाराबाहेर गेले, जिन्यावरून खाली उतरले. तिला घाई नव्हती, मलाही नव्हती. जाग आली तेव्हा माझा हात चादरीवरून फिरत होता.

तर वॉर्डात एक नवीन काम सुरू झालंय, ते सांगायला बसले होते. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवतात, हे तुला माहीत आहे. त्यात काही मुलांच्या किडन्यांना मार बसतो. रक्ताच्या तपासणीत ते दिसायला एक-दोन दिवस जातात आणि तोवर फार उशीर झालेला असतो. आता लघवीचे चार थेंब पुरतात. किडनी दुखावली असेल तर त्यात एक प्रथिन वाढतं, तेही काही तासांत. हे काम आणलंय आमच्या किडनीवाल्या डॉक्टरबाईंनी. दीड वर्षापूर्वी आल्या. वय माझ्या निम्मं आणि चालणं म्हणजे धावणंच. जुन्या मुलांच्या लघवीच्या नोंदींशी त्यांना ताडून बघायचंय, म्हणून त्यांनी बारा वर्षांचे तक्ते तळघरातून वर मागवलेत. नऊ खोकी आलीत.

त्यात मनीचाही तक्ता असणार. एवढंच सांगायचं होतं. बाकी सगळं ठीक आहे.

तू मान किंवा मानू नकोस, अक्काच


१९ जानेवारी

ठोंब्या,

उत्तर आलं नाही, येईल अशी आशाही नव्हती. पण आज जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही. आणि तुझ्याशिवाय माझं आहे कोण?

अक्कलदाढ काढली म्हणून मी तीन दिवस रजेवर होते. आज सकाळी सुजलेला गाल घेऊन कामावर गेले. चार नंबरच्या खाटेवर एक सात महिन्यांची मुलगी आहे. छातीला एवढी मोठी पट्टी, पण पाय काही थांबत नाहीत, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिचा बाप खिडक्यांना काचा बसवतो. बाहेर बाकावर बसलेला असतो, हातभर बारीक बारीक ओरखडे.

भिंगरीच्या नव्या तपासणीचा आकडा ऑपरेशननंतर सहाव्या तासालाच वर गेला होता. बाराव्या तासाला आणखी वर. पण रक्ताचा रिपोर्ट चांगला होता आणि तक्त्यावर लघवीही चांगली होती. मोठे सर्जन खाटेशी उभे होते. ते म्हणाले, “बाई, तुमचं प्रथिन एक सांगतंय आणि पोरगी दुसरंच सांगतेय. मी पोरीचं ऐकतो.”

“सर, पोरीची लघवी फसवू शकते,” बाई म्हणाल्या. “माझ्याकडे एक जुनी केस आहे, अगदी अशीच. पाच महिन्यांचं बाळ. लघवी तिसऱ्या दिवसापर्यंत व्यवस्थित आणि किडन्या मात्र निकामी. पुढच्या महिन्यातल्या परिषदेत मी सुरुवातच त्या केसने करणार आहे.”

त्यांच्या हातात पिवळा पडलेला तक्ता होता. नावाच्या जागी पट्टी चिकटवलेली होती, पण आकडे माझ्या अक्षरात होते. मी सातच्या पोटात आडवी रेघ मारते, तू लहानपणी चिडवायचास ना, तसे सात.

भिंगरीचा तक्ता ओढून बघितला. दर तीन तासांनी वीस, एकोणीस, एकवीस. नेमकी पुरेशी. असे गुळगुळीत आकडे मी आधी एकदाच पाहिले होते. कानात नुसतं पंपांचं टिपटिप. मी सामानाच्या खोलीत गेले. नवा खोका फोडलेला होता. त्यातला एक कोरा डायपर काढला आणि काट्यावर ठेवला. सदतीस ग्रॅम.

तुला नीट सांगते. लघवीची नळी आम्ही दुसऱ्या दिवशी काढतो. मग बाळाची लघवी मोजायची कशी? ओल्या डायपरचं वजन करायचं आणि त्यातून कोऱ्या डायपरचं वजन वजा करायचं. उरली ती लघवी. कोऱ्याचं वजन काट्यावरच्या भिंतीला एका कार्डावर लिहून चिकटवलेलं असतं. कार्डावर चोवीस होते. माझ्या रजेत नवे, जाड डायपर आले आणि कार्ड कुणी बदललं नाही. म्हणजे दर वेळी तेरा ग्रॅम लघवी जास्त दिसत होती. एकवीस नव्हती, आठ होती.

मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. मोठे सर्जन नाकावर माशी बसू देत नाहीत, पण ते स्वतःच काट्याशी जाऊन आकडा बघून आले. मग सगळं भराभर हललं. किडनीला जड जाणारं औषध बंद झालं, सलाइन मोजून देणं सुरू झालं, रक्तदाबाची औषधं बदलली. त्या गडबडीतच बाईंनी विचारलं, “अक्का, तुम्हाला हे सुचलं कसं?”

“दाढ गेली की अक्कल मोकळी होते, बाई,” मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसले.

खोटं बोलले मी. मला ते सुचलं नव्हतं. गेली अकरा वर्षं प्रत्येक नव्या खोक्यातला एक कोरा डायपर मी स्वतः काट्यावर ठेवते आणि वजन वेगळं आलं तर कार्ड बदलते. हाताखालच्या नर्सपोरी मला डायपरवाली अक्का म्हणतात. कुणी कधी कारण विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी त्याचा नियमही होऊ दिला नाही, कारण नियम करायचा तर तो कशासाठी हे सांगावं लागतं. मी होते तोवर चाललं. तीन दिवस नव्हते, तर भिंगरीच्या जिवाशी खेळ झाला. आणि एप्रिलनंतर मी कधीच नसेन.

आज इथेच थांबते.

अक्का


२१ जानेवारी

ठोंब्या,

हे पत्र बसून वाच. आधी एकट्याने वाच, मग बायकोला दाखव.

ते दिवस मला पाण्याखालून बघितल्यासारखे आठवतात. आवाज येतात, पण उशिरा. मनीच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. आपल्या घरच्या पेशंटला आपण बघायचं नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. मी सगळ्यांच्या मागे लागून मनी माझ्याकडे घेतली. म्हटलं, माझ्याइतकं तिच्याकडे कोण बघणार आहे? भारी घमेंड होती मला माझ्या हातांची.

अकराच्या सुमाराला डायपर संपले. नवा खोका मीच फोडला. हाताला ते जाड लागले. माझ्या मनात आलंसुद्धा, अरे वा, या वेळी चांगले पाठवलेत. एवढंच मनात आलं. मी ते तिला नेसवले, ओले झाले की काट्यावर ठेवले आणि कार्डावरचे सव्वीस त्यातून वजा करत राहिले. अठरा. सतरा. एकोणीस. पाच किलोच्या बाळाला तीन तासांत पंधरा पुरतात. मी बाहेर येऊन तुम्हाला म्हणाले, “सू छान होतेय, काळजी सोडा.” तुझी बायको मला मिठी मारून रडली.

तुझं तेव्हा वजनकाट्यांचं दुकान होतं. तू म्हणालास, “अक्का, तुझा काटा तरी बरोबर आहे का? बघू दे मला.” मी हसले आणि खरंच काटा उचलून बाहेर बाकावर आणला. तू पिशवीतून तुझी पितळी वजनं काढलीस आणि एकेक ठेवून बघितलीस. मग म्हणालास, “एका ग्रॅमचाही फरक नाही. बिनधास्त मोज.” आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच झोपलास, तिथेच बाकावर, तोंड उघडं टाकून. मी तुझ्या अंगावर वॉर्डातली चादर घातली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मनीच्या पापण्या सुजल्या. रक्ताचा रिपोर्ट आला तो असा की मोठ्या सर्जननी दोनदा तपासायला पाठवला. मग ते पोटात पाणी सोडून रक्त धुवायचं यंत्र. मग पाचवा दिवस. त्या दिवसाबद्दल मी तुला काय सांगणार!

सहाव्या दिवशी तिच्या खाटेखालचे उरलेले डायपर परत ठेवायला मी सामानाच्या खोलीत गेले. का कोण जाणे, एक कोरा काट्यावर ठेवला. अडतीस. मी तिथेच फरशीवर बसले. ती अठरा नव्हती, ठोंब्या. सहा होती. तिच्या किडन्या दुसऱ्या दिवशी दुपारपासून ओरडून सांगत होत्या आणि मी बाहेर येऊन तुम्हाला हसून दाखवत होते.

मग मी उठले, कार्डावरचे सव्वीस खोडले आणि अडतीस लिहिले. तेवढंच केलं. मोठे सर्जन तुला म्हणाले, “कारण सापडत नाही, कधी कधी असं होतं.” तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते. तुझ्या बायकोचा हात माझ्या हातात होता. मी मूग गिळून उभी राहिले.

दोन महिन्यांनी तू दुकान बंद केलंस आणि गाव सोडलंस. माझा आवाज ऐकून फोन ठेवायला लागलास. मला वाटलं, याला सगळं कळलंय आणि मी माझ्या तोंडाने सांगते का, याची हा वाट बघतोय. तुला गमवायच्या भीतीने मी गप्प बसले आणि तू तर केव्हाच गेला होतास.

आता मनीचा तो तक्ता परिषदेत भिंतीवर दाखवणार आहेत. बाई शहाण्या आहेत, पण खोट्या आकड्यावरून त्या डॉक्टरांना शिकवणार की लघवी चांगली असूनही असं होऊ शकतं. मनीची लघवी चांगली नव्हती. ते मी सोमवारी बाईंना सांगणार आहे. आधी तुला कळायला हवं होतं, म्हणून सोमवारपर्यंत थांबलेय.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते मागायला तोंड नाही मला.

अक्का


९ फेब्रुवारी

ठोंब्या,

तुझं पत्र काल दुपारी आलं. ते बाजूला ठेवून आधी इकडचं सांगते, म्हणजे मला धीर येईल.

बाईंना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसल्या. दीड वर्षात मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. सगळं ऐकून म्हणाल्या, “कुणाचं बाळ होतं, अक्का?”

“माझ्या भावाचं.”

त्यांनी तक्ता आमच्या दोघींमध्ये ठेवला. माझे आकडे खोडले नाहीत, प्रत्येकाशेजारी लाल शाईने खरा आकडा लिहिला. सहा, पाच, सात. लिहिता लिहिता पुटपुटल्या, “म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारीच…” आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मीच वाक्य पुरं केलं. म्हटलं, “तीस तास आधी कळलं असतं.” मी विचारलं, मग ती वाचली असती का? त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही. पण वाचण्याची संधी नक्की होती.” हे तू विचारलेलं नाहीस. पण आता मी तुझ्यापासून काहीही लपवणार नाही.

चौकशी बसलीय. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे मिळणार नाहीत, आणि नकोतच. पण आता नियम झालाय. नवा खोका उघडला की पहिला डायपर कोरा तोलायचा, दोघींनी सह्या करायच्या, कार्ड बदलायचं. खाली कारणही लिहिलंय, मीच लिहून दिलं. भिंगरीचा रक्ताचा रिपोर्ट थोडा बिघडला आणि चौथ्या दिवशी उतरला. काल ती साध्या वॉर्डात गेली. तिच्या बापाने ओरखड्यांचे हात जोडले, तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना.

आता तुझं पत्र.

ते घेऊन मी आज दिवसभर फिरले. वॉर्डात पदराखाली, रस्त्यात मुठीत. रस्ता पायाखालून आपोआप सरकत होता, लोक ओठ हलवत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. मी शिव्यांची तयारी केली होती. माझंच पत्र फाडून परत येईल असंही वाटलं होतं. घरी आल्यावर फोडलं. अख्ख्या कागदावर तुझी एकच ओळ.

“अक्का, म्हणजे काटा बरोबर होता ना?”

मी तीनदा वाचली, तरी मला कळेना की हा एवढंच का विचारतोय. आणि मग कळलं. पलंगावर तशीच बसून राहिले, दिवा लावायचंही सुचलं नाही.

तुझ्या बायकोची मावशी मला एकदा म्हणाली होती की तू बाजारात भाजी घेताना काट्याकडे पाठ करून उभा राहतोस. मी हसले होते. म्हटलं, आमचा ठोंब्या पहिल्यापासून विक्षिप्त. म्हणजे अकरा वर्षं तू हेच धरून बसला होतास की काटाच खोटा होता, तो तू तपासलास, तू ‘बिनधास्त मोज’ म्हणालास आणि म्हणून तुझी लेक गेली. म्हणून ते दुकान गेलं. म्हणून माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवायचास. तू माझ्यावर रागावला नव्हतास. तुला मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

मला वाटत होतं मी माझी चूक लपवलीय. ती तुझ्या मानगुटीवर जाऊन बसली होती आणि मला अकरा वर्षं त्याचा पत्ताही नव्हता. मनीच्या वेळी मी चुकले, ते चुकून. हे मात्र मी गप्प बसून केलं. मला याचं जेवढं वाईट वाटतंय तेवढं आयुष्यात कशाचंही वाटलेलं नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी निघतेय, दुपारपर्यंत तुझ्या दारात असेन. दार उघडायचं की नाही ते तू आणि तुझी बायको ठरवा. नाही उघडलंत तर बाहेर उभी राहून बोलेन आणि परत फिरेन, कारण हे मला कागदावर ठेवायचं नाहीये, तुला ऐकू जाईल असं म्हणायचंय. पण शनिवारपर्यंत तुला ताटकळत ठेवण्याचा मला काय अधिकार?

हो. काटा बरोबर होता. तू पाच ठेवलेस, दहा ठेवलेस, वीस आणि पन्नास ठेवलेस, आणि एकूण एक आकडा बरोबर आला. तू तुझ्या लेकीसाठी तपासलेला काटा बरोबर होता.

अक्का